फोनने गाडी उघडते, मग खरी किल्ली लॉकरमध्ये ठेवावी का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. नाशिकला राहता, सहा महिन्यांपूर्वी इलेक्ट्रिक एसयूव्ही घेतली. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये ब्लूटूथची किल्ली आहे, सोबत एक एनएफसी कार्ड (गाडीला टेकवून दार उघडायचं) आणि नेहमीचा रिमोट मिळाला. तक्रारी तीन. तुमच्या आयफोनने दार उघडतं, पण बायकोच्या अँड्रॉइडने अ‍ॅप उघडून हातात धरल्याशिवाय उघडत नाही. लग्नाच्या हॉलखालच्या पार्किंगमध्ये वीस मिनिटं दोघं गाडीबाहेर उभे होतात, अ‍ॅपवर नुसतं चक्र फिरत होतं. आणि रात्री पोर्चमधली गाडी आपोआप टक्-टक् लॉक-अनलॉक होते. शेवटी विचारलंय की दोष गाडीचा, फोनचा की आमचा, आणि रिमोट बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला तर चालेल का.

लॉकरचं उत्तर एका शब्दात: नको. बाकीचं जरा सविस्तर सांगावं लागेल.

पुण्यात बावीस वर्षं मी गाड्यांच्या किल्ल्या आणि इलेक्ट्रिकल काम करतोय. सुरुवात कानशीने पितळी किल्ली घासण्यापासून केली. मग दुसऱ्या किल्लीने गाडी सुरू होऊ न देणाऱ्या इमोबिलायझरच्या चिपा आल्या, मग बटणावर सुरू होणाऱ्या गाड्या आल्या, आणि आता दुकानात येणारा दर चौथा-पाचवा माणूस किल्लीऐवजी फोन पुढे करतो. फोनच्या किल्लीला माझा विरोध नाही, मी स्वतः वापरतो. पण ‘फोन किल्ली’ हे एक नाव लावून कंपन्या चार वेगवेगळ्या गोष्टी विकतात, आणि गिऱ्हाइकाला त्यातला फरक कुणी सांगत नाही. तुमच्या तीनही तक्रारींचं मूळ तिथेच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे इंटरनेटवरून दार उघडणं. तुम्ही अ‍ॅपमध्ये ‘अनलॉक’ दाबता, निरोप कंपनीच्या सर्व्हरला जातो, तिथून गाडीतल्या सिमवर येतो, मग गाडी उघडते. ही किल्ली नव्हेच, हा लांबून केलेला फोन आहे. दुसरी ब्लूटूथची किल्ली: फोन आणि गाडी थेट बोलतात, फोन खिशातच राहतो. तिसरी एनएफसी: फोन किंवा कार्ड हँडलला, काचेला नाहीतर आरशाला टेकवायचं, दोन-चार सेंटिमीटरच्या आत. आणि चौथी यूडब्ल्यूबी म्हणजे अल्ट्रा वाइडबँड. त्यात गाडी फोनचं अंतर खरोखर मोजते, नुसता अंदाज करत नाही.

टेस्लाने २०१७ मध्ये मॉडेल ३ आणली, तेव्हापासून ब्लूटूथवरचा फोन हीच मुख्य किल्ली आणि सोबत एनएफसी कार्ड, अशी पद्धत रुळली. अ‍ॅपलने २०२० मध्ये बीएमडब्ल्यूपासून सुरुवात करून किल्ली फोनच्या वॉलेटमध्ये घातली, तीही एनएफसीवर. आपल्याकडे एमजीने अ‍ॅस्टर आणि हेक्टरमध्ये ब्लूटूथची किल्ली दिली. ह्युंदाईने २०२४ च्या अल्काझारमध्ये एनएफसी दिलं: फोन हँडलला टेकवून दार उघडायचं आणि वायरलेस चार्जरच्या पॅडवर ठेवून गाडी सुरू करायची. कार कनेक्टिव्हिटी कन्सॉर्शियम नावाच्या संघाने या सगळ्याचं एक प्रमाण ठरवलंय. त्याच्या २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत ब्लूटूथ आणि यूडब्ल्यूबी एकत्र आले. पण प्रत्येक कंपनी ते पाळतेच असं नाही. अनेकांची आपापली अ‍ॅप आहेत, आणि दुखणी सगळ्यात जास्त तिथेच आहेत.

आता हॉलच्या पार्किंगचं घेऊ. चक्र फिरत होतं, म्हणजे तुम्ही पहिली गोष्ट करत होतात. अ‍ॅप उघडल्यावर समोर येणारं मोठं कुलपाचं चित्र बहुतेक अ‍ॅपमध्ये इंटरनेटवालं असतं. तळघरात ना तुमच्या फोनला रेंज, ना गाडीतल्या सिमला. तुम्ही रस्त्यावर जाऊन रेंज मिळवली असतीत तरी गाडी खालीच होती, निरोप तिला मिळालाच नसता. ब्लूटूथच्या किल्लीचं पान त्याच अ‍ॅपमध्ये दोन थर आत असतं, आणि घाबरलेला माणूस तिथपर्यंत जात नाही. तुम्ही लिहिलंय की फोनची बॅटरी आठ टक्क्यांवर होती. तुम्ही लो पॉवर मोड लावला असेल, तर अ‍ॅप मागे निवांत झोपलेलंही असू शकतं.

हा घोटाळा तुमचा एकट्याचा नाही. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत लास वेगासजवळच्या रेड रॉक कॅन्यनला एक टेस्लावाला घरून अ‍ॅपने गाडी सुरू करून गेला, किल्ली घरीच. तिथे उतरला, परत बसायला गेला तर रेंज नाही. बायकोला दोनेक मैल पायपीट करून रेंज शोधावी लागली. नोव्हेंबर २०२१ मध्ये तर टेस्लाचा सर्व्हरच काही तास बसला आणि अ‍ॅपवर विसंबलेले लोक जगभर गाडीबाहेर ताटकळले. इलॉन मस्कना जाहीर माफी मागावी लागली. खिशातल्या कार्डाला मात्र त्या सर्व्हरशी काही देणंघेणं नसतं.

तुमच्या गाडीचं खरं-खोटं पाहायचं तर एक सोपी परीक्षा आहे. गाडी घराजवळ असताना फोन एअरप्लेन मोडवर टाका, मग फक्त ब्लूटूथ परत चालू करा. फोन खिशात ठेवून गाडीपाशी जा. दार उघडलं तर तुमच्याकडे किल्ली आहे. नाही उघडलं तर तुमच्याकडे फक्त अ‍ॅप आहे. हे दोघांच्या फोनवर करा, आणि अडलंच तर आणता येईल असा रिमोट जवळपास असू द्या. तो मात्र गाडीपासून लांब घरात ठेवा, नाहीतर गाडी त्याच्यामुळे उघडेल आणि तुम्हाला वाटेल फोन पास झाला.

आता बायकोच्या फोनचं. इथे दोष ना गाडीचा, ना त्यांचा. अँड्रॉइड फोन बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या बॅटरी टिकावी म्हणून मागे चालणारी अ‍ॅप सरसकट मारतात. गाणी, गेम, बातम्या यांना ते चालतं. किल्लीचं अ‍ॅप मेलं म्हणजे किल्ली घरी राहिली. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपच्या पानावर जाऊन बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. ऑटोस्टार्ट नावाचं बटण असेल तर चालू करा. ‘निअरबाय डिव्हायसेस’ची परवानगी द्या. ती अँड्रॉइड १२ पासून वेगळी मागितली जाते. त्याआधीच्या फोनमध्ये ब्लूटूथ शोधायलाच लोकेशनची परवानगी लागायची, म्हणून जुन्या फोनवाले विचारतात की किल्लीला माझं लोकेशन कशाला हवं. ते कारण हे.

आणखी एक फट आहे, ती फार कमी जणांना माहीत असते. अँड्रॉइड ११ पासून फोन ‘न वापरलेल्या’ अ‍ॅपच्या परवानग्या काही महिन्यांनी स्वतःच काढून घेऊ शकतो. चांगल्या किल्लीचं लक्षण काय, तर ती कधी उघडून पाहावी लागत नाही! मग फोनला वाटतं, हे अ‍ॅप पडून आहे. सहा महिने उत्तम चाललं आणि एक दिवस अचानक बंद पडलं, अशी केस दुकानात आली की मी आधी तिथे बघतो. अ‍ॅपच्या पानावर तळाशी ‘वापरात नसल्यास थांबवा’ अशा अर्थाचं बटण असतं, ते बंद करून ठेवा.

आयफोनवाल्यांनी फुशारून जाऊ नये. तुमच्यातल्या पुष्कळांना अ‍ॅप वर सरकवून ‘साफ’ करायची सवय असते. कंपनीचं अ‍ॅप असं हाताने उडवलं की आयफोन ब्लूटूथच्या हाकेला ते पुन्हा जागं करत नाही, तुम्हीच उघडेपर्यंत. फोन बंद करून चालू केला की पासकोड टाकेपर्यंतही तीच गत. चहा पिताना फोन अपडेट होऊन रीस्टार्ट झाला आणि तुम्ही तो तसाच खिशात टाकलात, तर गाडी ओळख देणार नाही.

आता जरा मुळाशी जातो, कारण इथे मला खरं सांगायचंय.

तुमचा साधा रिमोट, ज्याला आम्ही दुकानात ‘सेन्सर की’ म्हणतो, तो कसा चालतो बघा. तुम्ही हँडलला हात लावता, तेव्हा गाडी सुमारे १२५ किलोहर्ट्झच्या लहरीत हाक मारते. ही लहर फार खालच्या वारंवारतेची, खरं तर जवळचं चुंबकीय क्षेत्रच. माणूस मध्ये आला तरी तिला फरक पडत नाही. रिमोट जागा होतो आणि ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर देतो. हाक फक्त चार-पाच फूट जाते, त्यामुळे अंतर आपोआप ठरतं. रिमोटला दुसरं कामच नाही. तो सीआर २०३२ च्या एका सेलवर दोन-तीन वर्षं त्या एका हाकेची वाट बघत पडलेला असतो. आणि सेल संपला तरी तो रिमोट गाडीच्या स्टार्ट बटणाला, किंवा काही गाड्यांत कप होल्डरमधल्या खुणेला टेकवा, गाडी सुरू होते. आतल्या चिपला गाडीच वीज पुरवते. हे दुकानात करून दाखवलं की लोक जादू बघितल्यासारखं बघतात.

फोनचं ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झवर. ही लहर पाण्यात जिरते, आणि माणूस म्हणजे बहुतांशी पाणीच. ब्लूटूथवाली गाडी अंतर कसं ठरवते? सिग्नल किती जोरात येतोय त्यावरून. जोरात म्हणजे जवळ, क्षीण म्हणजे लांब. फोन मागच्या खिशात आणि तुमचं तोंड गाडीकडे, की सिग्नल पडला. माझ्याकडे ब्लूटूथचा जोर दाखवणारं साधं अ‍ॅप आहे. फोन हातात धरून आणि मग मागच्या खिशात ठेवून मी गिऱ्हाइकाला आकडा दाखवतो, १५-२० डेसिबल सहज पडतात. २० डेसिबल म्हणजे ताकद शंभरावा हिस्सा. गाडीच्या हिशेबाने तुम्ही हँडलपाशी नाही, रस्त्यापलीकडे उभे आहात. पर्समध्ये फोनशेजारी स्टीलचा डबा असेल तरी हेच होतं. एका शिक्षिका बाईंची गाडी सकाळी उघडायची आणि दुपारी अडायची. दुपारी रिकामा डबा फोनच्या वर यायचा, एवढंच!

म्हणून रिमोटच्या सवयीने फोनकडे बघू नका. रिमोट हा एका दाराचा राखणदार आहे. फोन म्हणजे लग्नघरातला होतकरू भाचा. वाढपीही तोच, फोटो काढणाराही तोच, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणाराही तोच. काम चांगलं करतो, पण नेमका हवा तेव्हा सापडेल याची खात्री नाही.

पोर्चमधली टक्-टक् आता सहज कळेल. तुमची झोपण्याची खोली पोर्चच्या वर आहे असं लिहिलंय. रात्री फोन खिडकीपाशी चार्जिंगला असणार. तिथून गाडी सरळ रेषेत पाच-सहा मीटर. सिग्नल नेमका सीमेवर हेलकावे खातो. कूस बदलली, पडदा हलला, कुणी पोर्चमधून गेलं, की कधी ‘आला’, कधी ‘गेला’. गाडी प्रामाणिकपणे उघडते आणि लावते. हे नुसतं त्रासाचं नाही, महागही आहे. दर वेळी गाडीतले कॉम्प्युटर जागे होतात आणि बारा व्होल्टची बॅटरी खातात. अशा पोर्चमधल्या गाड्यांच्या बॅटऱ्या मी दीड वर्षात बदलल्यात. सेटिंगमध्ये ‘घरी असताना आपोआप लॉक-अनलॉक नको’ असा पर्याय असेल तर तो लावा. नसेल तर जवळ गेल्यावर आपोआप उघडणं बंद करून हँडलच्या बटणावर ठेवा. तेही नसेल तर फोन घराच्या दुसऱ्या टोकाला चार्ज करा. झोपही चांगली लागेल.

यूडब्ल्यूबीत हा घोळ जवळजवळ नसतो, कारण तिथे सिग्नलचा जोर नाही, वेळ मोजतात. प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटिमीटर जातो. निरोप जाऊन यायला किती नॅनोसेकंद लागले त्यावरून गाडी काही सेंटिमीटरच्या फरकाने अंतर काढते. तुम्ही ड्रायव्हरच्या दारापाशी आहात की डिकीपाशी, हेही तिला कळतं. अडचण अशी की गाडी आणि फोन दोघांत ती चिप हवी. आयफोनमध्ये २०१९ च्या ११ पासून बहुतेकांत आहे. अँड्रॉइडमध्ये वरच्या मोजक्या मॉडेलांत, आणि मधल्या किमतीच्या फोनांत जवळपास नाहीच.

चोरीचा मुद्दा तुम्ही विचारला नाहीत, पण तो इथेच येतो. जोरावर अंतर ठरवणाऱ्या ब्लूटूथला फसवता येतं. एक चोर तुमच्याजवळ, दुसरा गाडीजवळ, मध्ये निरोप पुढे ढकलणारी दोन यंत्रं. एनसीसी ग्रुप या सुरक्षा संस्थेने मे २०२२ मध्ये टेस्ला मॉडेल ३ वर हे करून दाखवलं. रिमोटवरही असा हल्ला होतो, तेव्हा फोन जास्त वाईट असं म्हणणार नाही. २०२४ मध्ये आलेल्या ब्लूटूथ ६.० मध्ये नीट अंतर मोजण्याची सोय केलीय, पण ती आजच्या तुमच्या गाडीत नाही. गाडी सुरू करायला पिन मागणारं सेटिंग असेल तर लावून टाका. दोन सेकंद जातात, बाकी काही नाही.

एनएफसीचं एक उदाहरण सांगतो, कारण ते दर महिन्याला दुकानात येतं. मागच्या पावसाळ्यात एक तरुण आला. शोरूमने दोनदा तपासून ‘हँडलचा मॉड्यूल बदलावा लागेल’ सांगितलं होतं, खर्च पाच आकड्यांत. मी फोन हातात घेतला. मागे कव्हर, कव्हरच्या आत रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी गोल स्टीलची चकती, डॅशबोर्डवरच्या मॅग्नेटच्या होल्डरसाठी चिकटवलेली. कव्हर काढलं, नुसता फोन हँडलला लावला. टक्! आरसे उघडले. तो दोन मिनिटं काहीच बोलला नाही, मग म्हणाला, “ही चकती तर मी गाडी घेतली त्याच दिवशी लावली.” एनएफसीची लहर १३.५६ मेगाहर्ट्झची आणि तिची अँटेना म्हणजे फोनच्या पाठीतलं तारेचं वेटोळं. त्यावर लोखंड ठेवलं की संपलं. कव्हरमध्ये बँकेचं कार्ड ठेवणाऱ्यांचंही असंच होतं. शिवाय अँटेना सगळ्या फोनांत एका जागी नसते. आयफोनमध्ये वरच्या कडेला, बऱ्याच अँड्रॉइडमध्ये कॅमेऱ्याजवळ किंवा पाठीच्या मध्यावर. तुमच्या फोनची जागा एकदा शोधून ठेवा, नाहीतर हँडलवर इस्त्री केल्यासारखा फोन फिरवत बसाल. अँड्रॉइडची स्क्रीन उघडी लागते का, तेही बघा. आणि फोनमध्ये एनएफसी आहे का ते आधी बघा. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या स्वस्त फोनांतून ते वगळलेलं असतं.

बॅटरी संपली तर? वॉलेटमध्ये किल्ली असलेला आयफोन, एक्सएस आणि एक्सआरपासून पुढचा, चार्जिंग संपून बंद पडल्यावरही सुमारे पाच तास एनएफसीने गाडी उघडू शकतो. त्यासाठी थोडी वीज राखून ठेवलेली असते. पण तुम्ही स्वतः स्विच ऑफ केला असेल तर नाही. आणि कंपनीच्या अ‍ॅपमधल्या ब्लूटूथच्या किल्लीला ही सवलत नाहीच. तुमची तीच आहे, तेव्हा फोन मेला की किल्ली मेली समजा.

हे किती लांबतं ते ऐका. माझं एक गिऱ्हाईक हरिश्चंद्रगडाला गेलं, गाडी पायथ्याला पाचनईत. रात्रभर फोनची बॅटरी टॉर्च म्हणून वापरली, सकाळी खाली उतरेपर्यंत फोन काळा. रिमोट पुण्यात. कार्ड होतं, गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये! मित्राच्या फोनवर अ‍ॅप टाकून लॉगिन करू म्हटलं, तर रेंज एक कांडी. ते कसंबसं उतरलं, तर ओटीपी येणार मेलेल्या फोनमधल्या सिमवर. सिम काढायला पिन नाही, म्हणून एकीच्या कानातल्याच्या तारेने काढलं. ओटीपी आला, लॉगिन झालं, आणि अ‍ॅपने सांगितलं: नव्या फोनवर किल्ली बसवायची असेल तर रिमोट गाडीत हवा. शेवटी एका जीपवाल्याच्या चार्जरवर मूळ फोन वीस मिनिटं लावला, तेव्हा दार उघडलं. गाडीत चारशे किलोमीटरचं चार्जिंग होतं, आणि सगळे पायरीवर बसून होते.

कार्ड ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवणारे मला खूप भेटतात. रिमोटही ठेवतात. रिमोट आत असेल तर बऱ्याच गाड्या लॉकच होत नाहीत, बोंब मारतात. आणि गाडी चोरीला गेली की विमा कंपनी मूळ किल्ल्यांचा पूर्ण संच मागते. एक किल्ली गाडीतच होती असं सांगितलंत की क्लेम अडकला म्हणून समजा. तुमच्या लॉकरच्या प्रश्नाचं हेही एक अंग आहे: रिमोट सुरक्षित हवा हे बरोबर, पण घरात, हाताशी. फोन बदलला, रीसेट केला, त्याचा बोर्ड बदलला की नवी किल्ली बसवायला तो लागणार. आणि त्या दिवशी नेमका बँक हॉलिडे असतो.

रिमोट हाताशी हवा याचं सगळ्यात मोठं कारण अजून सांगितलंच नाही. त्याच्या पोटात लोखंडी पातं आहे. गाडीची बारा व्होल्टची बॅटरी बसली तर फोन, कार्ड, यूडब्ल्यूबी सगळं मुकं होतं, कारण ऐकणारं कुणी जागंच नसतं. इलेक्ट्रिक गाडीतही हेच. खालची मोठी बॅटरी कितीही भरलेली असो, दाराचं कुलूप आणि कॉम्प्युटर त्या छोट्या बॅटरीवर चालतात. ड्रायव्हरच्या हँडलच्या टोकाला प्लॅस्टिकची टोपी असते, खालून पात्याने उचकायची, आत किल्लीचं भोक दिसतं. एखाद्या रविवारी दिवसाउजेडी हे स्वतः एकदा करून बघा. रात्री पावसात पहिल्यांदा करायला गेलात तर टोपी तुटते, आणि ती नुसती टोपी मिळत नाही, हँडलसकट घ्यावी लागते. टेस्लासारख्या गाडीला तर भोकच नाही. तिथे पुढच्या बंपरमधल्या हुकाच्या झाकणामागच्या दोन वायरींना बाहेरून वीज देऊन बॉनेट उघडावं लागतं.

किल्ली वाटण्याबद्दल एक शब्द, कारण पुढे कधी ही गाडी विकाल. अ‍ॅपमधून भावाला, ड्रायव्हरला किल्ली पाठवता येते ही फार छान सोय. पण पाठवलेली परत घ्यायला विसरतात. माझ्याकडे एकाने जुनी गाडी घेऊन दोन्ही रिमोट नवे करून घेतले. महिन्याने सकाळी गाडी जागेवरून हललेली दिसली. काही भानगड नव्हती. आधीच्या मालकाच्या मुलाच्या फोनवर किल्ली तशीच होती, त्याने मित्रांना गंमत दाखवली. आम्ही रिमोट बदलले, अ‍ॅपमधल्या खात्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. विकताना अ‍ॅपमधून सगळ्या डिजिटल किल्ल्या काढा, मालकी दुसऱ्याच्या नावे करा. घेताना समोर बसवून करून घ्या, आरसी ट्रान्सफरच्या कागदांबरोबरच.

तर तुमच्या घरापुरतं असं करा. बायकोच्या फोनची सेटिंग वर सांगितल्याप्रमाणे लावा, पोर्चसाठी आपोआप उघडणं बंद करा. रिमोट त्यांच्या पर्समध्ये, कारण त्यांचाच फोन जास्त अडतो. कार्ड तुमच्या पाकिटात. नवं कार्ड मिळत असेल तर आणखी एक करून घ्या, गॅरेजला किंवा हॉटेलात गाडी पार्क करून देणाऱ्या व्हॅलेला द्यायला. तुमचे वडील साधा बटणाचा फोन वापरतात असं लिहिलंय, त्यांनाही तेच. कार्ड गाडीतल्या वायरलेस चार्जरवर मात्र ठेवू नका, चिप जळू शकते.

आणि लावताना पाकिटातून बाहेर काढून लावा. पाकिटासकट टेकवलंत तर शेजारचं बँकेचं कार्डही बोलायला लागतं, आणि गाडी दोघांचंही ऐकत नाही.